रायफलचा स्टॉक कसा निवडायचा: आधी उभं राहायला शिका, मग पैसे काढा

मे महिन्याची सुट्टी लागली की रेंजवर हमखास कुणीतरी पालक येतात, मोबाईलवर जर्मन रायफलचा फोटो दाखवतात आणि विचारतात, "सर, अल्युमिनियमचा स्टॉक घेऊ की लाकडाचा?" मी विचारतो, मुलगी उभी कशी राहते? डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकतं की बरगडीवर? मान लांब आहे का? यातलं काहीच त्यांनी बघितलेलं नसतं, आणि त्यात त्यांची चूकही नाही, कारण दुकानात हे कुणी विचारतच नाही. म्हणून हे एकदा सगळं नीट लिहून काढतोय. मुख्यतः १० मीटर एअर रायफलबद्दल, कारण आपल्याकडे बहुतेक पोरं तिथूनच सुरुवात करतात, आणि शेवटी ५० मीटर थ्री पोझिशनबद्दल थोडं.

स्टॉक म्हणजे जुने लोक ज्याला दस्ता म्हणतात तो. बॅरल (नळी) आणि ॲक्शन (पेलेट म्हणजे छर्रा भरून उडवायची यंत्रणा) सोडून तुमच्या अंगाला रायफलचा जेवढा भाग लागतो तो जवळपास सगळा स्टॉकच. खांद्याला बट प्लेट, गालाला चीकपीस, उजव्या हाताला ग्रिप, डाव्या हाताला फोर-एंड. हे चार स्पर्श प्रत्येक शॉटला सारखे झाले पाहिजेत, आणि मॅचमध्ये ते ७५ मिनिटांत ६० वेळा करायचे असतात, शिवाय सायटिंगचे (मॅचआधी साइट जुळवायला मारतात ते) शॉट्स आणि जे शॉट न मारता खाली घेतले ते वेगळेच. टार्गेटवरच्या १० चा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. त्यामुळे गाल रोज वेगळ्या जागी टेकत असेल तर पाच लाखांची रायफल पण काही करू शकत नाही.

मी स्वतः ही चूक केलीय. कॉलेजात असताना एका सीनियरकडून लाकडी स्टॉकची सेकंडहँड रायफल घेतली, बंदूक उत्तम होती, पण तो माणूस माझ्यापेक्षा चांगला अर्धा फूट उंच आणि त्याने स्टॉक स्वतःच्या मापाने तासून घेतलेला. ग्रिप मोठी, चीकपीस एका ठरावीक उंचीच्या खाली येईचना. मी आठ महिने माझं अंग त्या स्टॉकमध्ये बसवत राहिलो, मान दुखायला लागली, आणि स्कोअर जिथे होता त्याच्या खाली गेला. शेवटी एका मॅडमनी पाठीमागून व्हिडिओ काढून दाखवला तेव्हा कळलं की माझं डोकं पुढे लोंबतंय आणि मी भुवयांखालून वर बघतोय. स्टॉक काढून टाकला आणि दोन महिन्यांत दुखणं गेलं.

रायफल हातात घ्यायच्या आधी

तालमीत वस्ताद पोराची अंगकाठी बघतात आणि मग ठरवतात याला कुठला डाव शिकवायचा. इथे पण तसंच. रायफल बाजूला ठेवा, जॅकेट-ट्राउझर-बूट घाला, आणि आरशासमोर उभं राहा. (माप नेहमी जॅकेट घालूनच घ्यायचं, कॅनव्हासचं शूटिंग जॅकेट जाड असतं आणि टी-शर्टवर घेतलेलं माप त्यात चुकतंच.) उजव्या हाताने मारणाऱ्याचं सांगतोय, डावखुऱ्यांनी उलटं वाचा.

डावी बाजू टार्गेटकडे, पाय साधारण खांद्याइतके लांब, गुडघे सरळ पण ताठ नाही. आता कंबर थोडी टार्गेटच्या दिशेने ढकला, आणि वरचं अंग किंचित मागे झुकवून डावीकडे वळू द्या. डाव्या हाताची मूठ करून हनुवटीच्या खाली आणा आणि कोपर पोटाच्या बाजूने खाली सोडा. कुठे टेकलं? काहींचं बरोबर कंबरेच्या हाडावर टेकतं, हे नशीबवान. काहींचं, म्हणजे ज्यांचं धड लांब आणि हात आखूड, त्यांचं वर बरगडीवरच राहतं. हात ओढून ताणून हाडापर्यंत न्यायचा नाही. जिथे आरामात टेकतं ती तुमची जागा. स्नायूंनी रायफल उचलून धरली तर विसाव्या शॉटला हात थरथरणार, हाडांवर ठेवली तर साठाव्या शॉटपर्यंत टिकते.

मग डोळे मिटून मान सरळ करा, एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना उभे असता तशी. डोळे उघडा. नजर सरळ समोर जातेय ना? ही डोक्याची जागा लक्षात ठेवा, कारण स्टॉक तुमच्या डोळ्यापर्यंत यायला पाहिजे, डोळा स्टॉकपर्यंत जाता कामा नये. डोकं पुढे किंवा बाजूला झुकलं की मानेचे स्नायू थकतात, नजर डोळ्याच्या वरच्या कडेतून जाते, आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र पण सरळ डोक्यालाच नीट चालतं.

चार मापं वहीत लिहा: कोपरापासून मुठीपर्यंतची लांबी, मुठीपासून डोळ्यापर्यंतची उंची, खांद्याच्या खोबणीपासून डोळ्यापर्यंतची उंची, आणि तळहाताची लांबी. दुसरं आणि तिसरं माप फार महत्त्वाचं, यावरूनच कळतं की फोर-एंड किती खाली लागणार आणि बट प्लेट किती खाली सरकायला लागणार.

अजून एक, मास्टर डोळा तपासा. दोन्ही हात लांब करून पंज्यांमध्ये छोटं भोक करा, त्यातून लांबचा दिवा बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने दिवा भोकात राहतो तो मास्टर. उजव्या हाताचा आणि डाव्या डोळ्याचा मुलगा असेल तर स्टॉक घ्यायच्या आधीच कोचशी बोला, डाव्या बाजूने मारायला शिकवायचं की रिअर साइटला (डोळ्याजवळची भोकाची साइट, जिच्यातून नेम धरतात) ब्लाइंडर, म्हणजे दुसरा डोळा झाकणारी पट्टी, लावायचा हे आधी ठरलं पाहिजे, कारण उजव्याचा स्टॉक डाव्याला होत नाही आणि विकताना नुकसान होतं.

लाकूड, लॅमिनेट की अल्युमिनियम

याच्यावर लोक तासन् तास भांडतात, माझ्या मते हा तिसऱ्या-चौथ्या नंबरचा प्रश्न आहे, पण विचारतात म्हणून सांगतो.

अखंड लाकडाचा स्टॉक हाताला उबदार लागतो, गालाला बरा वाटतो, शॉटनंतरचा झटका मऊ वाटतो. पण लाकूड पाणी पितं. कोल्हापूर, रत्नागिरी, पनवेल, जिथे जून ते सप्टेंबर भिंती सुद्धा ओल्या असतात तिथे लाकूड फुगतं आणि जानेवारीत परत आवळतं, मग ॲक्शनचे स्क्रू कधी घट्ट कधी सैल. एअर रायफलला झटका कमी म्हणून फार मोठा फरक पडत नाही, पण पावसाळ्यानंतर स्क्रू तपासायचेच. लॅमिनेट म्हणजे पातळ थर चिकटवून केलेलं लाकूड, ते बरंच स्थिर राहतं, रंगीबेरंगी दिसतं, थोडं जड असतं.

अल्युमिनियमच्या स्टॉकचा खरा फायदा ॲडजस्टमेंट. वॉल्थर एलजी ४०० किंवा फाइनवेर्कबाउ ८०० यांचे वरचे अल्युमिनियम मॉडेल बघा, बट प्लेट वर-खाली, आत-बाहेर, तिरकी, चीकपीस चारी बाजूंना, ग्रिप पुढे-मागे आणि फिरती, फोर-एंडचा ठोकळा वर-खाली. ज्याला आपली पोझिशन माहितीय त्याच्यासाठी हे सोनं आहे. पण नवीन मुलाच्या हातात बारा-पंधरा स्क्रू दिले की तो रोज एक फिरवतो, शॉट वाईट गेला की स्क्रू, मॅच वाईट गेली की दोन स्क्रू, आणि महिन्याभरात कुणालाच कळत नाही मूळ सेटिंग काय होतं. मी हे इतक्यांदा बघितलंय की आता नवीन मुलांच्या ॲलन की मी स्वतःकडे ठेवतो.

अगदी सुरुवातीला, म्हणजे पहिलं वर्ष, क्लबची रायफल वापरा. हॅमरली एआर २० सारखी साधी क्लब रायफल, जिच्यात बट प्लेट आणि चीकपीस हलतं, एवढं पुरेसं आहे. वाढत्या वयाच्या मुलांना तर हेच बरं, तेराव्या वर्षी घेतलेलं माप पंधराव्या वर्षी उपयोगाचं राहत नाही. तरी घ्यायचाच असेल तर ज्याची लांबी आत्ता सगळ्यात कमी करून मुलाला बरोबर बसते आणि पुढे वाढवता येते असा घ्या. आत्ता सगळ्यात कमी करूनही लांबच पडत असेल तर "वाढेल त्यात" असं म्हणून घेऊ नका. शाळेच्या बुटासारखं हे चालत नाही, लांब स्टॉकला तोंड देताना पाठ चुकीची वाकायची सवय लागते आणि ती सवय मोडायला दोन वर्षं जातात.

ॲडजस्टमेंटचा क्रम

हा भाग दोनदा वाचा. क्रम चुकला की प्रत्येक गोष्ट परत करावी लागते, कारण खालचं हललं की वरचं सगळं हलतं. आणि काहीही करायच्या आधी रायफल रिकामी, सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी) बॅरलमध्ये, तोंड टार्गेटकडे. घरी करत असाल तरी हेच. फ्लॅग फक्त ड्राय फायरपुरता (पेलेट न भरता ट्रिगर ओढायचा सराव) काढायचा, परत एकदा चेंबर बघून.

पहिलं, डाव्या हाताचा आधार. वर सांगितल्यासारखं कोपर टेकवा, मूठ ट्रिगर गार्डच्या पुढे कुठेतरी येईल, कोपराच्या बरोबर वर मूठ आली पाहिजे. आता रायफल मुठीवर ठेवा आणि डोकं सरळ ठेवून बघा, साइट डोळ्याच्या खाली राहते की वर. बहुतेकांची खालीच राहते. तेव्हा आधी हात बदलून बघा, सपाट तळव्यापेक्षा मूठ उंच, मुठीपेक्षा दोन बोटांवरचा व्ही अजून उंच, फक्त मनगट सरळ राहिलं पाहिजे. त्याने भागलं नाही तर फोर-एंडचा ठोकळा खाली घ्या. याला मर्यादा आहे, एअर रायफलला फोर-एंड बॅरलच्या मध्यरेषेपासून १२० मिलिमीटरपेक्षा खाली चालत नाही, आणि ५० मीटरच्या रायफलला लावतात तसा गोल पाम रेस्ट (तळहातावर टेकवायचा आधार) इथे चालतच नाही. तरीही कमी पडलं तर साइटखाली रायझर ब्लॉक (उंची वाढवणारे ठोकळे) लावतात, पुढे आणि मागे सारख्या उंचीचे. लांब मानेच्या मुलांना हे लागतंच, त्यात लाजायचं काही नाही.

दुसरं, बट प्लेटची उंची. इथे सगळे गोंधळतात. बट प्लेट खाली सरकवली की रायफल वर येते, कारण खांद्याची जागा तीच राहते. प्लेट पूर्ण उंचीने खांद्याच्या खोबणीत बसली पाहिजे, फक्त खालचं टोक टेकलंय आणि वरचं हवेत आहे असं नको. दंडावर तर अजिबात नको, दंड हलला की रायफल हलते. बारीक खांद्याच्या मुलींना प्लेट थोडी आत, छातीच्या बाजूला वळवून बरी बसते. ५० मीटरसारखा काखेखालून जाणारा लांब हूक एअर रायफलला चालत नाही, वक्र प्लेट चालते पण तिच्याही खोलीला नियम आहे, त्यामुळे बाहेरून कुणाकडून प्लेट बनवून घेतली असेल तर मॅचच्या आधी इक्विपमेंट कंट्रोलमध्ये (साहित्याच्या तपासणीत) दाखवून घ्या.

तिसरं, लांबी, म्हणजे ट्रिगरपासून बट प्लेटपर्यंतचं अंतर. जुनी पद्धत अशी की बट कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायची आणि बोट ट्रिगरपर्यंत पोचतंय का बघायचं. सुरुवातीला ठीक आहे, पण त्यावर थांबू नका. लांब झालेला स्टॉक कसा ओळखायचा: उजवा खांदा पुढे ओढला जातो, रायफलचं वजन अंगापासून लांब जातं, ते सावरायला पाठ जास्त मागे वाकते, आणि प्लेट हळूहळू दंडाकडे सरकते. आखूड झालेला स्टॉक: नाक रिअर साइटजवळ, उजवा हात कोंबल्यासारखा, खांदा वर चढलेला. हलक्या अंगाच्या मुलांना मी उभ्याने थोडा आखूडच ठेवायला सांगतो, वजन अंगाजवळ येतं आणि पाठीवरचा भार कमी होतो.

चौथं चीकपीस, आणि माझ्या मते स्टॉक घेताना सगळ्यात जास्त बघायची गोष्ट हीच आहे. खरेदी करताना लोक रंग बघतात, वजन बघतात, चीकपीस किती दिशांना हलतं हे बघत नाहीत. गाल त्यावर डोक्याच्या वजनाने नुसता विसावला पाहिजे, दाबायचा नाही, आणि तसा विसावल्यावर डोळा रिअर साइटच्या बरोबर मागे आला पाहिजे. तपासायचं असं: डोळे मिटा, पोझिशन घ्या, गाल ठेवा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा आणि काही न हलवता बघा रिअर साइटच्या भोकात पुढचं टनेल (बॅरलच्या टोकाकडची नळीसारखी पुढची साइट) कुठे दिसतंय. मधोमध असेल तर झालं. टनेल ज्या बाजूला सरकलेलं दिसतं त्याच बाजूला तुमचा डोळा गेलाय. खाली दिसलं तर डोळा खाली आहे, चीकपीस वर करा. नाकाच्या बाजूला म्हणजे डावीकडे दिसलं तर डोळा डावीकडे राहिलाय, चीकपीस स्टॉकच्या मध्याकडे आत घ्या. उजवीकडे दिसलं तर उलट. एका वेळी दोन मिलिमीटर, जास्त नाही. आणि हे दहा वेळा करा, एकदा मधोमध आलं म्हणून उठून जाऊ नका. डोळे उघडल्यावर आपण नकळत मान हलवून टनेल मध्ये आणतो, इतक्या पटकन की स्वतःला कळत नाही, म्हणून शेजारी कुणाला तरी उभं करा जो फक्त तुमच्या मानेकडे बघेल.

रिअर साइट डोळ्यापासून किती लांब हे चीकपीस झाल्यावर ठरवायचं. साइट रेलवर पुढे-मागे होते, ती हलवा, डोकं नाही.

पाचवी ग्रिप. पहिल्या पेराची गादी ट्रिगरवर सरळ पडली पाहिजे आणि बोटाचा बाकीचा भाग स्टॉकला लागता कामा नये, लागला तर ट्रिगर ओढताना रायफल बाजूला ढकलली जाते. तळहात छोटा असेल आणि ग्रिप मोठी तर मुलं मनगट फिरवून बोट पोचवतात, तिथून सगळं बिघडतं. छोटी ग्रिप मिळते, ती घ्या. हात मोठा असेल तर पुटी लावून भरता येते, लाकडी ग्रिपला हे छान जमतं. अंगठा कुठे ठेवायचा यावर मी वाद घालत नाही, रोज एकाच जागी आणि तेवढ्याच जोराने असला की बस.

सहावं, बॅलन्स. एअर रायफलचं एकूण वजन ५.५ किलोच्या वर जाता कामा नये, साइट आणि लावलेली वजनं सगळं धरून. म्हणून ५.४ पर्यंत न्यायचीच असं नाही. पुढे जड असलेली रायफल स्थिर वाटते, झुलते कमी, पण चाळिसाव्या शॉटनंतर पाठ बोलायला लागते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला चार किलोच्या आसपासची रायफल पुरे. वजनाच्या चकत्या एकेक करून लावा, रायफलचा तोल डाव्या मुठीच्या वर किंवा जरासा पुढे येईल असं बघा, आणि निर्णय पहिल्या दहा शॉटवर करू नका, शेवटच्या वीस शॉटवर करा.

आता तपासा

सगळं लावून झालं की पोझिशन घ्या, टार्गेटवर या, डोळे मिटा, पाच-सहा सेकंद अंग सैल सोडा, उघडा. रायफल डावीकडे-उजवीकडे गेली असेल तर पाय फिरवा, हाताने ढकलू नका. वर-खाली गेली असेल तर ते बहुतेक स्टॉकचं काम आहे: रायफल वर बघत असेल तर बट प्लेट किंचित खाली, किंवा फोर-एंडचा ठोकळा थोडा वर चढवून रायफल मुठीवर खाली बसवा. खाली बघत असेल तर उलटं. प्लेट हलवली की चीकपीस परत तपासायचं, हे विसरूच नका.

यानंतर तीन सेशन काही हलवायचं नाही. पहिल्या दिवशी नवीन सेटिंग नेहमीच विचित्र वाटतं, चांगलं असलं तरी वाटतं, कारण अंगाला जुन्याची सवय असते. पहिला दिवस नुसता ड्राय फायर, समोर पांढरी भिंत. दुसऱ्या दिवशी पेलेट, पण ग्रूप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) कुठे पडतोय ते बघू नका, किती मोठा आहे ते बघा. तिसऱ्या दिवशी पूर्ण ६० शॉट, घड्याळ लावून. या तिन्ही दिवशी पुढून, बाजूने आणि मागून फोटो काढा, पहिला शॉट आणि पन्नासावा शॉट. दोन्ही फोटोंत डोकं त्याच जागी आहे का? खांदा वर चढलाय का? स्कोअरपेक्षा हे फोटो खरं बोलतात.

दुखणं कुठे आहे तेही लिहा. मान दुखली तर चीकपीस किंवा साइटची उंची. कंबरेच्या वरची पाठ दुखली तर लांबी किंवा पुढचं वजन. डावं मनगट दुखलं तर हाताची जागा. तरुण पोरं दुखणं लपवतात, "सर काही नाही" म्हणतात. पालकांनो, रात्री पोरगं मान चोळतंय का एवढं बघा आणि आम्हाला सांगा.

आणि दुसऱ्याची पोझिशन कॉपी करायची नाही, मग तो कितीही मोठा असो. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोत १० मीटर एअर रायफलचा वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हा आमच्याकडे पोरांनी त्याचे व्हिडिओ थांबवून थांबवून चीकपीस त्याच्यासारखं करायला घेतलं होतं. व्हिडिओ जरूर बघा, पण तो गाल ठेवताना किती शांत आहे, प्रत्येक शॉटला तेच तेच कसं करतो, ते बघा. त्याची मान त्याची आहे, तुमची तुमची.

थ्री पोझिशनवाल्यांसाठी थोडं

५० मीटर थ्री पोझिशनमध्ये नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन (पालथं झोपून) आणि स्टँडिंग (उभ्याने), प्रत्येकी २० शॉट, आणि एकच रायफल. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये याच प्रकारात फायनलला ४५१.४ स्कोअर करून ब्राँझ आणलं, आणि तेव्हापासून कोल्हापुरात थ्री पोझिशन शिकायला येणाऱ्या पोरांची रांग आहे. त्याआधी आमच्या तेजस्विनीताई सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनच्या वर्ल्ड चॅम्पियन झाल्या होत्या. या प्रकारात स्टॉक घेताना एकच गोष्ट आधी बघायची: सेटिंग किती पटकन बदलता येतं आणि परत तिथेच येतं का. बट प्लेट साधारणपणे उभ्याने सगळ्यात खाली, नीलिंगला मध्ये, प्रोनला वर. लांबी प्रोनला जास्त. चीकपीस तिन्हीला वेगळं. म्हणजे स्टॉकवर छापलेली मापाची पट्टी असेल, क्लिकने बसणारा खटका असेल, तर ते पैसे वसूल आहेत. प्रोनला हँडस्टॉप (डावा हात अडवणारा, फोर-एंडखालच्या रेलवरचा ठोकळा) आणि स्लिंग (दंडाला बांधायचा पट्टा) येते, आणि डावा हात जमिनीशी ३० अंशापेक्षा कमी कोन करता कामा नये, म्हणून हँडस्टॉप रेलवर पुरेसा मागे येतो का हे आखूड हातवाल्यांनी दुकानातच झोपून बघावं. दुकानदार झोपू देत नसेल तर दुसरं दुकान बघा, मनापासून सांगतोय.

सेकंडहँड घेताना

आपल्याकडे बरेचसे स्टॉक असेच फिरतात आणि त्यात वाईट काही नाही. ग्रिपच्या मानेजवळ लाकडाला केसाएवढी चीर आहे का ते उन्हात धरून बघा, तडा तिथूनच जातो. चीकपीस घट्ट करून अंगठ्याने हलवा, जराही डुलत असेल तर दांडी झिजलीय. प्रत्येक स्क्रू एकदा पूर्ण सैल करून परत आवळून बघा, आटे गेलेले असतील तर तिथेच कळेल. किनारपट्टीवरची रायफल असेल तर स्क्रूच्या खोबणीत गंज बघा. स्टॉक तासलेला असेल तर कुठे तासलाय ते विचारा, तासलेलं लाकूड परत येत नाही. पूर्ण रायफल घेत असाल तर हवेच्या सिलेंडरवरची तारीख आधी वाचा, मुदत संपलेला सिलेंडर वापरायचा नाही. आणि कागदपत्रांचं काय लागतं ते पैसे द्यायच्या आधी तुमच्या क्लबला आणि जिल्हा असोसिएशनला विचारा.

शक्य असेल तर तो स्टॉक दोन दिवस मागून घ्या. अर्धा तास नाही, दोन दिवस. वर लिहिलेला क्रम त्यावर पूर्ण करा, आणि कुठलं तरी एक ॲडजस्टमेंट अगदी शेवटच्या टोकाला जाऊन अडत असेल तर तो तुमचा नाही. प्रत्येक बाजूला थोडी जागा शिल्लक राहिली पाहिजे, अंग बदलतं, जॅकेट बदलतं.

सेटिंग पक्कं झालं की स्टीलच्या पट्टीने प्रत्येक माप घेऊन वहीत लिहा, तारखेसकट, आणि पट्टी शेजारी धरून फोटो काढा. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून स्टॉकवर येईल अशी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा, स्क्रू सैल झाला की रेघ तुटलेली दिसते. आमच्या रेंजवरच्या एका मुलीची मॅचच्या सकाळी बट प्लेट अशीच सैल झाली होती, पुण्याच्या प्रवासात, गाडीच्या हादऱ्याने. तिने रेघ बघितली, वहीतलं माप काढलं, दोन मिनिटांत जागेवर आणली आणि फायरिंग पॉइंटवर गेली. ॲक्शनचे स्क्रू मात्र रायफलच्या पुस्तकात दिलेल्या जोरानेच, टॉर्क रेंच लावून आवळायचे, अंदाजाने नाही. वाढत्या मुलांचं माप दर तीन महिन्यांनी परत घ्या, आणि जुनं पान फाडू नका, त्यावर नुसती नवीन तारीख टाकून पुढचं पान सुरू करा.